अद्भुत चित्रपटांच्या मालिका तुम्हाला कुठे भिडल्या? (अनुभव धागा)

आईने थेटरात आयुष्यभरात मोजून पाच-सहा सिनेमे पाहिलेत. मे २०१७ मध्ये मात्र ती आपणहून म्हणाली, "मला बाहुबलीचा दुसरा भाग बघायचाय." कॉलेज रोडची पोरं आणि माझी आई एकाच रांगेत बसून एकाच जागी श्वास रोखत होती. राजवाडे, राक्षस, जादू यांचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध? तरी असं का होतं? नाशिककरांनो, समीक्षा नको. कुठला प्रसंग, कुणासोबत पाहिलात, तेवढं लिहा.

गोदाघाटाजवळून
आमच्याकडे गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला लागलं की छातीला, यावरून दुकानं आवरायची. पहिल्या बाहुबलीत सुरुवातीलाच राणी शिवगामी नदीत बुडते आणि बाळ धरलेला हात तेवढा पाण्यावर राहतो. शेजारी सासूबाई होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, ते बाळ काठाला लागेपर्यंत सोडलं नाही. सिनेमातलं माहिष्मती राज्य कुठे आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. पूर ओळखीचा होता, लेकराला उचलून धरणारी बाईही ओळखीची होती. मग पुढचे उंच कडे, एवढाले पुतळे, सगळं त्यांनी आपलं म्हणून पाहिलं.

सातपूरहून
पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१७ च्या अखेरीस. मधली पावणेदोन वर्षं आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये एकच प्रश्न, कटप्पाने बाहुबलीला का मारलं? सगळे हसत विचारायचे. मला हसू यायचं नाही. वरून सांगितलं म्हणून मी एकदा लाइनवरच्या सोबत्याविरुद्ध कागदावर सही केली होती. त्याचं काम गेलं. कटप्पा पिढ्यान्‌पिढ्या सिंहासनाला बांधलेला, आज्ञा मोडता येत नाही. दुसऱ्या भागात तो पाठीत तलवार खुपसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दिग्दर्शक राजामौलींनी उत्तर लांबवलं, त्या काळात प्रत्येकाने आपापला कटप्पा मनात तयार केला. माझा तर घरातच होता. त्या दिवाळीत सोबत्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला.

नाशिकरोडहून
मला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. तिसरा भाग २००३ चा, आम्ही नंतर भाड्याच्या सीडीवर पाहिला. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. ज्वालामुखीच्या चढावर नायक फ्रोडो कोसळतो आणि त्याचा सोबती सॅम त्याला खांद्यावर घेऊन चालू लागतो, त्याला भाषा लागलीच नाही. वडिलांचा पाय मोडला तेव्हा दादा त्यांना असंच तीन जिने वर न्यायचा, मधल्या वळणावर टेकून दम खायचा. एवढ्या थोरल्या राजांच्या आणि जादूगारांच्या गोष्टीत शेवटचं ओझं बुटक्या, बागकाम करणाऱ्या माणसाने उचललं. दादाने ती सीडी दोन दिवस जास्त ठेवून घेतली.

एक शिक्षिका
हॅरी पॉटरचे आठ चित्रपट, २००१ ते २०११. माझ्या वर्गातली मुलं पडद्यावरच्या मुलांबरोबरच मोठी झाली. शेवटचा भाग पाहून आलेली एक मुलगी शाळा कायमची सुटल्यासारखी रडली.

इंदिरानगरहून
मला दुसऱ्या बाहुबलीतली शेवटची लढाई फार लांबली असं वाटतं. नारळाच्या झाडांवरून सैनिक उडतात तिथे माझं मन बाहेर आलं. शिवगामी आणि देवसेना समोरासमोर उभ्या राहतात, तो दरबार मात्र अजून आठवतो. सासू-सुनेचं भांडण होतं ते, दोघींचीही बाजू पटत होती.

पांडवलेणीजवळून, निवृत्त
लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, काम नाशिकला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. पण सुरुवातीला ती साधी मुलगी म्हणून समोर येते. हसते, रागावते, तोंडं करते. नंतर कृष्ण. काहीच लपवलेलं नाही. त्या फिल्मचा आज शिल्लक असलेला भाग मी नातीला मोबाइलवर दाखवली. "हीच ती मघाची मुलगी ना?" तिने विचारलं. हो म्हणालो. कृष्ण डोहात उतरला तेव्हा नात माझ्या मांडीवर सरकून बसली होती आणि म्हणत होती, "आबा, साप केवढा आहे बघा."