मदत हवी आहे: न कळवता गैरहजर म्हणून बडतर्फ, युनियन हात वर करतेय (अंबड, नाशिक)

अंबड एमआयडीसीतल्या एका कायम कामगारासाठी विचारतोय. सलग १४ दिवस गैरहजर, कळवलं नव्हतं. कंपनीने चार्जशीट गावच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवली. पाकीट ‘घर बंद’ शेऱ्यासह परत आलं. चौकशी एकतर्फी झाली आणि बडतर्फीचं पत्र मिळालं. त्याला आज ७१ दिवस झाले.

स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कंपनीतल्या नोकरीच्या अटी-शिस्तीचे नियम) १० दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन धरलंय. त्यामुळे युनियन म्हणते, ‘कारणच नाही तर भांडायचं कशावर?’ गैरहजेरी युनियन पुसू शकत नाही, हे खरंच. पण डी. के. यादव निकालात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, बाजू ऐकल्याशिवाय काढता येत नाही. इथे मुद्दा तोच आहे.

पीयूएलपी कायद्यात (कामगारांबाबतच्या अनुचित प्रथा रोखणारा महाराष्ट्राचा कायदा), परिशिष्ट ४ बाब १ ची, म्हणजे अन्यायाने कामावरून काढल्याची तक्रार कामगार स्वतः करू शकतो, मान्यताप्राप्त युनियनची सही लागत नाही, असं माझं वाचन आहे. मुदत ९० दिवस, म्हणजे हातात १९.

जाणकारांनी सांगा:

नाशिक लेबर कोर्टात परत आलेलं पाकीट ‘बजावणी झाली’ असं धरतात का? कंपनीकडे सध्याचा सिडकोचा पत्ता होता, पगारपत्रकावर तोच छापलाय.

चौकशी रद्द झाली तरी कंपनी कोर्टात नव्याने पुरावा देऊ शकते ना? मग खाजगी डॉक्टरचा, मागाहून घेतलेला आजारपणाचा दाखला लावावा की तो उलटेल? ईएसआयचा (सरकारी कामगार विमा योजना) कागद नाही, हीच खरी अडचण.