मोत्याच्या शिंपल्याला जपानीत काकी म्हणतात की आकोया-गाई?

वरणभात_एन४: जपानीच्या क्लासमध्ये ५ मिनिटं बोलायचंय, विषय घेतलाय जपानमधल्या तोबा गावाचं मिकिमोतो बेट. १८९३ साली मिकिमोतो कोकिचीने तिथे शिंपल्यात अर्धगोल मोती तयार केला वगैरे सगळं लिहिलं आणि शिंपल्याला डिक्शनरीत बघून ‘काकी’ लिहिलं, तर सेनसेई (आमच्या बाई) हसतच सुटल्या. म्हणाल्या आकोया-गाई लिही. आता ह्या गाई कुठून आल्या? काई म्हणजे शिंपला एवढं माहितीये.

कोकणी_कांजी: काकी म्हणजे आपली कालवं रे, खायची! इंग्रजीत दोन्हीला ऑइस्टरच म्हणतात म्हणून डिक्शनरीने गंडवलं तुला. आमच्याकडे कोयती घेऊन खडकावरची कालवं फोडतात, त्यांना कोणी मोत्याचे शिंपले म्हणेल का, तसंच आहे ते. आणि काकीचा उच्चार पण जपून कर, टोकियोत ‘का’वर जोर दिला तर कालवं, ‘की’ वर चढवलीस तर ते फळ, पर्सिमॉन. आपली काकी तिसरीच 😄

ओरिगामी_ताई: गाई काईच्याच आहेत. दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं पहिलं अक्षर बऱ्याचदा मऊ होतं, ओरि + कामी = ओरिगामी, तसं आकोया + काई = आकोया-गाई. पण काई आधी आला तर काईच राहतो आणि नंतरचा शब्द मऊ होतो, उदा. काई + हाशिरा = काईबाशिरा, म्हणजे शिंपला मिटणारा आतला स्नायू. हिवाळ्यात मोती काढून झाले की तिकडे तो खातात पण, म्हणजे आकोया-गाई अगदीच खायची नाही असंही नाही.

आकोया हे जपानातल्या आइची प्रांताकडच्या एका जागेचं जुनं नाव असं सांगतात. पुस्तकात प्राण्याचं नाव म्हणून काताकाना या जपानी लिपीत लिहितात. दागिन्यांच्या दुकानात मात्र ‘गाई’ म्हणू नकोस, तिथे आकोया शिंजू. शिंजू म्हणजे मोती.

वरणभात_एन४: मग मोत्याचा कुठलाही शिंपला आकोया-गाईच का?

ओरिगामी_ताई: नाही नाही, आकोया ही एकच जात. ताहितीचे काळे मोती देतो तो कुरोचो-गाई, मोठे साउथ सीवाले देतो तो शिरोचो-गाई. कुरो काळा, शिरो पांढरा, चो म्हणजे फुलपाखरू, शिंपला उघडून ठेवला की पंख पसरल्यासारखा दिसतो ना. तुझं भाषण तोबाचं आहे, तिथे आकोयाच बरोबर.

कोकणी_कांजी: फुलपाखराचं मलाही नवीन, इतकी वर्षं मी नुसतं पाठ करत होतो.

वरणभात_एन४: थँक्यू ताई, बदलतो. फक्त मी गाई म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हंबरणार, त्याचं काय करू ते सांगा.