घरचा ग्रुप: आजीनं खाल्लेली नेपाळी थाळी

प्रशांत: काल आजीला डोळे दाखवाले नागपूरला नेलं होतं. येताना एका हॉटेलात जेवलो. पाटी होती 'अस्सल भारतीय व नेपाळी भोजन'. फोटो टाकले, पाहा.

राजू मामा: नेपाळी म्हणजे चायनीजच ना बावा? आपल्या बसस्टँडवर गाडी लावते तो पोरगा नेपाळचाच हाय.

प्रशांत: तो पोटासाठी मंच्युरियन विकते मामा, घरी थोडीच तेच खात असन. हे त्यायचं घरचं जेवण. वरण, भात, तरकारी, लोणचं. ताट रिकामं दिसलं की विचारत नाही, वाढूनच जाते. पंगतच जशी.

स्मिता वहिनी: मोमोत काय होतं ते पाहून घेतलं ना? आजी सोबत होती.

प्रशांत: आधी तेच विचारलं वहिनी. काठमांडूकडे म्हशीच्या मटनाचे लय चालतात, इथं पत्ताकोबी-पनीरचे होते. मोमो तसे मूळचे तिबेटकडचे. खरी मजा चटणीची, टमाटर अन् भाजलेल्या तिळाची.

दिनेश काका: अन् 'अस्सल भारतीय' काय होतं?

प्रशांत: पनीर बटर मसाला, दाल मखनी, नान, जिरा राईस.

दिनेश काका: पाटवडी नाही, वडाभात नाही. भारत लुधियान्यातच संपते वाटते 😀

राजू मामा: भाऊजी, पाटवडी असती तर तुम्ही नागपूरला जाऊन पाटवडी खाल्ली असती काय?

दिनेश काका: नसती खाल्ली. तरी पाटीवर 'अस्सल' लिहाले हिंमत लागते.

पायल: आजी बोलून राहिली, मी टाईप करते. "मले ते नाचणीचं आवडलं. आमच्या ज्वारीच्या कण्यावानी, पण पिठाचं. पोट भरलं, जड नाही झालं."

प्रशांत: ढिंडो. उकळत्या पाण्यात थोडं थोडं पीठ सोडत घोटायचं, गोळा घट्ट झाला की उतरवायचं. चावत नाहीत, रश्श्यात बुडवून गिळतात. आजीच्या दातांचा प्रश्नच मिटला.

पायल: आजी म्हणते दातावर जाऊ नको.

कुंदा आत्या: बाजूच्या वाटीतला काळपट रस्सा कायचा आहे रे?

प्रशांत: गुंद्रुक, आत्या. मोहरीची, मुळ्याची पानं कोमेजू देतात, कुटून बरणीत गच्च दाबतात. आंबली की उन्हात वाळवतात. मग भाजी नसलेल्या दिवसांत रस्सा करायचा.

कुंदा आत्या: म्हणजे आपण हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवतो तसं, फक्त आपण आंबवत नाही. चव अंबाडीसारखी का?

प्रशांत: आंबट आहे, पण अंबाडीचा आंबटपणा ताजा. याला मुरलेला वास येते. मी एक घास घेऊन थांबलोच होतो. मग वाटी पुसून खाल्ली. अन् काका, त्यात अख्खे भाजलेले दाणे होते. सोयाबीनचे!

दिनेश काका: सोयाबीन? माणसाच्या ताटात?

प्रशांत: हो. ते त्याला भटमास म्हणतात.

दिनेश काका: घ्या. बांधापासून बांधापर्यंत आपल्याकडे तेच उभं असते अन् घरात एक दाणा शिजत नाही. दाणे व्यापाऱ्याले, तेलाची पिशवी अन् वड्यांचं पाकीट दुकानातून.

राजू मामा: खाल्लं असतं तर भाव मिळाला असता काय?

दिनेश काका: भाव नाही तर नाही, चखना तरी झाला असता.

प्रशांत: चखनाच करतात काका! दाणे खमंग भाजायचे, त्यात कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून, लिंबू, मीठ, अन् वरून कच्चं मोहरीचं तेल. थोडा तिमूर. तो कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद, जीभ झिणझिणते. आजीनं दोनदा पाणी मागितलं.

कुंदा आत्या: मोहरीचं तेल कोण आणते, आपलं जवसाचं घाला. तिमूर नसला तरी काही अडत नाही.

पायल: १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत २२. आमच्या पुस्तकात आहे.

राजू मामा: तुरीले काही बोलू नको पोरी.

स्मिता वहिनी: पेरणीतलं उरलेलं सोयाबीन पडलंय डब्यात. टाकू का कढईत?

दिनेश काका: स्मिता, थांब! पिशवीतलं बियाणं आहे का? त्याले औषध चोळलेलं असते, धुऊनही भरवसा नाही. कोंबडीलेही टाकू नको. मागच्या खळ्याचं पोतं आहे कोठीत, त्यातलं घे अन् निवडून घे, खडे असतात.

स्मिता वहिनी: अगंबाई. तेच ते, लालसर दिसते ते. ठेवते वर, पोरांच्या हाताला नको.

प्रशांत: अन् वहिनी, मंद आचेवर आतपर्यंत भाजा. कच्चं राहिलं तर सगळे पोट धरून बसतील.

राजू मामा: किती वाजता येऊ?

स्मिता वहिनी: उद्या संध्याकाळी या. येताना लिंबं आणजा, आमच्या झाडाले नाहीत सध्या.