घरातली ससुली गालिचा उकरतेय आणि कुरतडतेय, काय करू?

सिंहगडरोड:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे कापशी नावाची ससुली आहे, पांढरी, लाल डोळ्यांची, साधारण सात महिन्यांची. घेतली लेकीच्या हट्टापायी, पण आता सगळ्यात जास्त लाड माझे सासरेच करतात. स्वभावाने अतिशय गोड, शी-शू ट्रेमध्येच करते, हाक मारली की पळत येते. प्रॉब्लेम एकच, हॉलमधला गालिचा. पहाटे साडेपाचच्या सुमाराला खर्रर्र खर्रर्र सुरू होतं, पुढच्या दोन्ही पायांनी इतक्या जोरात उकरते की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, एवढ्या सकाळी काय घासता गं तुम्ही. जागा ठरलेल्या आहेत, एक दिवाणाच्या मागचा कोपरा आणि दुसरी बेडरूमच्या दारासमोर. उकरून झालं की दातांनी धागे उपसते, दिवाणामागे आता तळहाताएवढी जागा पार उघडी पडलीय, खालचं अस्तर दिसतंय.

गालिचा सिंथेटिक आहे, फार महागाचा नाही, त्याचं दुःख नाही. पण ते धागे ती गिळते की नुसते तोडून टाकते हे कळत नाही आणि भीती त्याचीच वाटते. ओरडलं की थांबते, मागचा पाय दाणकन आपटते आणि आपली पाठ वळली की परत चालू.

नातेवाईकांचे सल्ले असे की लाल तिखट भुरभुरा, गालिच्याखाली डांबरगोळ्या ठेवा, नाहीतर दिवसभर पिंजऱ्यात कोंडा. पहिले दोन मला पटत नाहीत आणि तिसरं जिवावर येतं. गालिचा काढून टाकावा तर खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर तिचे पाय चारी दिशांना घसरतात. खाण्यात पेलेट्स (सशाचं दुकानात मिळणारं तयार दाणेदार खाणं) असतात वाटीभर, कोथिंबीर, गाजर, काकडी, सुकं गवत मिळेल तसं अधूनमधून. ज्यांनी ससे पाळलेत त्यांनी प्लीज सांगा काय करता येईल.

रानपाखरू:

पेट शॉपमध्ये कडू स्प्रे मिळतो तो मारून बघ. आमच्या कुत्र्याने सोफा कुरतडायचं त्यानेच सोडलं. सशाचा अनुभव नाही मला.

ठाणेकरीण:

ताई, आधी तातडीचं सांगते. डांबरगोळ्या गालिच्याखाली तर नकोतच, ती हॉलमध्ये मोकळी फिरते त्या भागात कपाटाच्या तळाशीसुद्धा नकोत, खाल्ल्या तर विष आणि त्यांचा वाससुद्धा सशाला बाधतो. तिखटही नको. सशाचं नाक कायम जमिनीला लागलेलं असतं आणि त्याच पायांनी तो तोंड पुसतो, म्हणजे तिखट थेट डोळ्यात. कडू स्प्रे विषारी नसतो पण सशावर त्याचा भरवसा नाही, कडू पाला त्यांना आवडतो, काही ससे तो स्प्रे चाटतात.

आता मुद्द्याचं. कापशी खोडी काढत नाहीये. आपल्या माळरानावर जो ससा दिसतो तो बिळं करत नाही, गवतात अंग दाबून बसतो. पाळीव ससा त्या जातीचा नाहीच, तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली लांबच लांब बिळं खणून कळपाने राहणारा. तेव्हा खणणं हे त्याच्या रक्तातच आहे, ते बंद होणार नाही, आपण फक्त कुठे खणायचं ते ठरवू शकतो. आणि पहाटे आणि संध्याकाळी हीच त्यांची हुंदडायची वेळ, त्यामुळे साडेपाचला सुरू होते यात नवल नाही.

उकरणं आणि कुरतडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घे. कुरतडण्याचं मूळ मला तुझ्या शेवटच्या ओळीत दिसतंय, गवत अधूनमधून. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि दाढा झिजतात त्या गवत तासन् तास चघळूनच. पोटही त्याच चोथ्यावर चालतं. तेव्हा खाण्यातला ८० टक्क्यांच्या वर भाग गवत हवा आणि ते चोवीस तास समोर हवं, संपलं की भरायचं. पेलेट्स वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पुरे, वाटीभर खाऊन पोट भरलं तर ती गवताला तोंड लावत नाही आणि मग तोंडाला चाळा म्हणून गालिचा. पण पेलेट्स एकदम तोडू नकोस, हळूहळू कमी कर आणि ती गवत खातेय ना ते बघत राहा. गाजर गोड असतं, कधीतरी एखादी चकती खाऊ म्हणून. मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोथिंबीर, पुदिना हे रोज चालेल. पोळी, बिस्किट, पाव कोणी प्रेमाने देत असेल तर ते बंद, सासऱ्यांनाही समजावून सांग.

उकरायला खोका दे. टीव्हीचा किंवा मिक्सरचा मोठा खोका घे, स्टेपल पिना आणि चिकटपट्टी सगळी काढ, एका बाजूला तिला आत शिरता येईल एवढं कापून उंबरठा ठेव. आत फाडलेले वर्तमानपत्र, गवत, पुठ्ठ्याचे तुकडे, आणि तळाशी कोथिंबिरीच्या काड्या पुरून ठेव. आणि हा खोका तिच्या ठरलेल्या कोपऱ्यातच ठेवायचा, दिवाणामागे, तुझ्या सोयीच्या जागी नाही. लोक इथेच फसतात, छान खोका करतात आणि गॅलरीत नेऊन ठेवतात. आमचा नर ससा पहिल्यांदा आत गेला तेव्हा नुसता वास घेत बसला, मग एकदा काडी सापडली म्हटल्यावर पुढच्या पायांनी कागद पोटाखाली ओढायचे आणि मागच्यांनी भिरकावायचे असा जो सपाटा लावला की हॉलभर कागदच कागद, आणि हा मध्ये उभा, एका कानात पेपरची पट्टी अडकलेली. झाडायला लागतं रोज, पण गालिच्याकडे बघत नाही.

गालिच्यावर उकरायला लागली की ओरडू नको. ससा शिकार होणारा प्राणी आहे, मोठ्या आवाजाने फक्त आपल्याला घाबरायला शिकतो. पाय आपटते ते भीतीने किंवा रागाने. शांतपणे उचलू पण नकोस, खोक्यात काडी खसखसव, ती स्वतः येते.

टेम्सकाठी:

मी इंग्लंडात रीडिंगला राहतो, इथे भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बहुतेकदा पक्कं बसवलेलं असतं, काढायची सोयच नाही आणि घर सोडताना डिपॉझिटमधून कापून घेतात, त्यामुळे या विषयात बरंच डोकं घातलंय. दोन ससे आहेत आमच्याकडे.

तुम्ही लिहिलंय की दुसरी जागा बेडरूमच्या दारासमोर. ते दार रात्री बंद असतं का? असेल तर ती बीळ खणत नाहीये, तिला आत यायचंय. बंद दाराखाली ससा हमखास उकरतो कारण पलीकडे माणसं आहेत हे त्याला वासाने कळतं. आम्ही दार बंद करायच्या ऐवजी लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक लावलं, दिसतं तरी सगळं, आणि तिथलं उकरणं बरंच कमी झालं. फाटकाचे गज जवळजवळ असलेले बघून घ्या, नाहीतर ससा त्यातून निघतो.

जिथे अस्तरापर्यंत पोचलीय तिथे वर एक जाड सिरॅमिक टाइल नुसती ठेवून द्या, जड हवी, सरकली नाही पाहिजे. उन्हाळ्यात तिच्यावर ताणून पडते की नाही बघा, गार लागते पोटाला. ऑफिसच्या खुर्चीखाली घालतात ती जाड पारदर्शक शीटही चालते पण तिची कड मोकळी राहिली की ती कडच कुरतडतात, म्हणून कड फर्निचरखाली दाबायची.

गालिचा काढायचा असेल तर टाइल्सवर काहीतरी घालायलाच लागेल हे तुमचं बरोबर आहे. सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर पकड मिळत नाही आणि कडक जमिनीवर सतत राहिला तर टाचांना जखमा होतात. पातळ सुती सतरंज्या चालतील, धुताही येतात, फक्त दशा कापून कड शिवून घ्या. लहान मुलांचे ते रंगीत फोमचे जोडायचे चौकोन मात्र आणू नका, त्याचे तुकडे मोडून गिळले जातात.

पिंजऱ्याबद्दल, इथली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी कमीत कमी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच अशी सलग जागा कायम हवी असं सांगते. दुकानात मिळणारा पिंजरा याच्या आसपासही नसतो. कोंडलेला ससा बाहेर आला की दुप्पट उकरतो, गज चावून दात वाकडे करून घेतो ते वेगळंच.

सातारचा_डॉक्टर:

मी पशुवैद्य आहे. वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत, त्यात भर घालतो. सात महिन्यांची मादी म्हणजे वयात आलेली, आणि मादी नरापेक्षा जास्त खणते कारण पिल्लांसाठी बीळ करणं हे तिचं काम. नर नसला तरी खोटा गर्भ राहू शकतो, दोन-अडीच आठवडे चालतो, त्यात उकरणं वाढतं, छातीचे केस स्वतःच उपटते, तोंडात गवत भरून कोपऱ्यात नेते. असं काही दिसतंय का बघा.

नसबंदीचा विचार जरूर करा. उकरणं कमी होईल हा छोटा फायदा, मोठा फायदा असा की नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. ऑपरेशननंतर स्वभाव शांत व्हायला महिनाभर जाऊ द्या. मात्र सशांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या डॉक्टरकडेच जा. एक साधी खूण सांगतो, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कोणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर बघा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्याचा उपयोग नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात. आणि घरात उरलेलं माणसांचं अमॉक्सिसिलिन कधीही तोंडावाटे देऊ नका, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावतो.

धागे गिळते का, याचं उत्तर ट्रेमध्ये मिळेल. लेंड्या फोडून बघा.

सिंहगडरोड:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बेडरूमचं दार रात्री बंदच असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या.

डॉक्टर, ट्रे तपासला. बऱ्याचशा लेंड्या गोल, कोरड्या, फोडल्यावर आत गवताचा भुसा. पण तीन-चार एकमेकींना जोडलेल्या होत्या, माळ ओवल्यासारख्या, आणि मधला धागा केस नाही, मरून रंगाचा आहे, गालिच्याचाच. खातेय पितेय, उड्या मारतेय. छातीचे केस उपटलेले नाहीत. घाबरायचं कारण आहे का?

सातारचा_डॉक्टर:

बाहेर पडतायत याचा अर्थ आत्ता अडकलेलं नाही, पण गिळते हे नक्की झालं. तेव्हा गालिचा आजच गुंडाळून माळ्यावर टाका, खोका वगैरे जमेपर्यंत थांबू नका. सिंथेटिक धागा पचत नाही आणि वर येण्याचा मार्ग नाही, त्यामुळे साठत गेला तर आतडं बंद होतं. गवत भरपूर द्या, पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा म्हणजे जास्त पिते.

रोज लेंड्या बघत राहा. लहान, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या किंवा बंद झाल्या, आवडती कोथिंबीर पुढे धरूनही तोंड फिरवलं, पाठ काढून कोपऱ्यात बसली, दात करकर वाजवायला लागली, तर ती इमर्जन्सी. १२ तास काही खाल्लं नाही म्हणजे उद्या सकाळी बघू असं चालत नाही, रात्री असेल तर रात्री गाडी काढायची. तो नंबर आत्ताच शोधून फ्रिजवर लावून ठेवा, सशाला बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात.

सिंहगडरोड:

गालिचा काढला, आई-बाबांकडच्या दोन जुन्या सतरंज्या घातल्या, दशा कापून शिवल्या. खोका सासरे करतायत, त्यांनी पिना काढायचं काम स्वतःकडे घेतलंय. सशांसाठी विकतात ते सुकं टिमोथी गवत ऑनलाइन फार महाग पडतं हो चोवीस तास द्यायचं म्हटलं तर. दुसरं काही चालतं का? आणि सोसायटीत तुतीचं झाड आहे, त्याच्या फांद्या दिल्या तर चालतील का चावायला?

ठाणेकरीण:

तुती उत्तम, पाला आणि फांद्या दोन्ही, फवारणी केलेली नसेल तर. सोसायटीच्या माळ्याला आधी विचार. पेरूच्या फांद्याही आवडतात. कण्हेर मात्र जवळपाससुद्धा नको, फार विषारी, आणि सोसायट्यांमध्ये कुंपणाला तीच लावलेली असते, मुलीलाही दाखवून ठेव.

गवताचं म्हणशील तर टिमोथी हवंच असं नाही. ओटचं सुकं गवत स्वस्त पडतं, मोठं पोतं घेतलं की अजून स्वस्त, दोघीतिघींत वाटून घ्या. हरळी चालते, ताजी धुऊन आणि सावलीत वाळवून पण, फक्त रस्त्याकडेची किंवा कुत्री फिरवतात तिथली नको आणि मशीनने कापलेल्या लॉनचा ढीग नको, तो लगेच आंबतो. लसूणघास डेअरीवाल्यांकडे सहज मिळतो म्हणून रोज देऊ नकोस, त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त, वाढत्या पिल्लांना ठीक, कापशीच्या वयाला नाही.

आणि सतरंजीवर लक्ष ठेव, पहिले काही दिवस ती तिथेही उकरून बघणारच. सतरंजीचा धागा तोडायला लागली तर त्या कोपऱ्यावर टाइल.