‘ब्रायन हे’ पारितोषिक बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

रानडेरोड: ‘ब्रायन हे’ नावाचं पारितोषिक बंद करा, त्या पैशात ॲक्च्युअरी (विम्याची गणितं मांडणारे) होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी भरा, ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. म्हणणं असं की ब्रिटनच्या ॲक्च्युअरी इन्स्टिट्यूटने गिरो या सर्वसाधारण विम्यावरच्या परिषदेतल्या उत्तम निबंधाला बक्षीस द्यायचं, ठरावीक सल्लागारांनी एकमेकांची पाठ थोपटायची आणि सोमवारी आपण पुन्हा चेन लॅडरच (मागचे दावे कसे वाढले त्यावरून पुढे किती द्यावं लागेल याचा अंदाज काढायची जुनी रीत) चालवायची.

त्या चेन लॅडरचा अंदाज किती चुकू शकतो हे मोजायला कुणी शिकवलं? थॉमस मॅकने, म्युनिक रीमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाने. अमेरिकेच्या कॅज्युअल्टी ॲक्च्युअरियल सोसायटीने १९९३ साली रिझर्व्हच्या (पुढे द्यायच्या दाव्यांसाठी राखलेल्या रकमेच्या) अनिश्चिततेवर निबंधस्पर्धा ठेवली, तिथे त्याने निबंध पाठवला. कुठलंही संभाव्यता वितरण गृहीत न धरता प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकेल त्याचं माप, काढायची रीत! दिवसभर काम करून असं लिहिणाऱ्याला कुणीतरी शाबासकी द्यायला नको?

लंडनकर: कालची पोस्ट माझीच. मॅकचं सूत्र त्याच वर्षी ॲस्टिन बुलेटिन या ॲक्च्युअरींच्या नियतकालिकातही छापून आलं. स्पर्धा नसती तरी ते जगापुढे आलंच असतं. उलट इकडे परीक्षा फी भरता भरता पोरं मेटाकुटीला येतात.

रानडेरोड: छापून आलं असतं, पण रिझर्व्हिंगवाल्यांनी वाचलं असतं का? स्पर्धेतला निबंध उदाहरणांसकट, सावकाश समजावून लिहिलाय. मी त्यावरच शिकलो.

टीपी_डेस्क: लंडनचं राहू द्या, आमचा मोटार थर्ड पार्टीचा त्रिकोण (कुठल्या वर्षीचे दावे पुढे कसे वाढत गेले त्याचा तक्ता, चेन लॅडर त्यावरच चालते) बघा. हप्ता केंद्र सरकार ठरवतं, मृत्यू-दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. त्यात १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायची अट. आधीची आणि नंतरची वर्षं एका त्रिकोणात बसतच नाहीत. वर अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान! यावर लिहा कुणीतरी.

उदगीरकर: सहा महिने! माझ्या मामांना ट्रकने उडवलं. मामी अंथरुणाला खिळल्या, पोरं शाळेत. पंचनाम्याची नक्कल, वारसांचे कागद, मग वकील शोधा. कंपनीचा माणूस दारात आला तो तडजोडीचा आकडा घेऊन. तुम्हाला मात्र त्रिकोण बिघडल्याचं दुःख.

टीपी_डेस्क: अट चांगली आहे असं मी कुठे लिहिलंय? वाचून तरी बोला. रिझर्व्ह कमी पडला तर उद्या तुमच्यासारख्यांनाच द्यायला पैसे नसतील.

उदगीरकर: वाचलंय. तुमच्या वाक्यात माणूस कुठेच नाही, म्हणून बोललो.

मेघना_पुणे: दोघंही थांबा. नियम बदलले की वर्षं जुळत नाहीत, हे पीक विम्यातही आहेच. २०१६ च्या योजनेत खरिपाच्या धान्य-तेलबियांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्के, आपल्याकडे २०२३ मध्ये तो एक रुपयावर आणला होता, २०२५ मध्ये ते बंद झालं. भरपाई ठरते महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर. ते आकडे प्रयोगवार मिळवताना मी थकले. आकडेच हाती नसतील तर निबंध कशावर लिहायचा? बक्षीस ठेवा, पण दुसऱ्याला पडताळून बघता येईल अशाच निबंधाला द्या.

लंडनकर: ही अट असेल तर माझा विरोध नाही. फीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

रानडेरोड: फी कमी व्हावी, यात मलाही शंका नाही. पण ती बक्षिसाच्या पैशातून का? आणि १९९३ सारखा नेमका प्रश्न द्या. आपल्या नवी मुंबईच्या ॲक्च्युअरी इन्स्टिट्यूटने सहा महिन्यांच्या अटीनंतरचा थर्ड पार्टी त्रिकोण हाच विषय द्यावा.

उदगीरकर: मग जे दावे दाखलच झाले नाहीत, तेही मोजा. तुमच्या त्रिकोणात ती कुटुंबं दिसणार नाहीत.

टीपी_डेस्क: हे मान्य करावं लागेल. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. एका जिल्ह्याचे अहवाल आणि तिथे दाखल झालेल्या याचिका जुळवल्या तर उरलेली कुटुंबं मोजता येतील. आमच्याकडे येणारे अहवाल बघायची परवानगी मी ऑफिसात मागतो. याचिकांची बाजू उदगीरकर, तुम्ही बघाल का?