मदत हवी आहे: बिनकुटाचा डबा कुठे मिळेल? आणि रोज नक्की काय खायचं?

हिंजवडी_सिग्नल
नमस्कार मंडळी. डॉक्टरांनी दाणे पूर्ण बंद सांगितलेत, पूर्ण म्हणजे कूटसुद्धा नाही. डब्याच्या काकूंना सांगितलं तर म्हणतात एक चमचाच तर घालते, त्याशिवाय भाजी मिळून येत नाही. परवा बिनकुटाची म्हणून दिलेल्या कोबीतही निघाला. सकाळी सातला बाहेर आणि रात्री परत यायला नऊ, स्वयंपाक जमत नाही, कँटीनवाल्याला विचारलं तर तो म्हणतो 'नट्स नही डालते मॅडम' आणि समोर पोह्यांवर दाणे दिसतायत. रोज इडली-चटणी खाऊन वैताग आलाय. असा डबा देणारं कोणी माहीत आहे का, नाहीतर बाहेरचं काय काय चालेल ते पटकन सांगा. प्लीज 'घरीच करा' सांगू नका, ते मलाही कळतं.

ताकभात
कोणाला बंद सांगितलंय? वय काय? टेस्ट झाली की नुसतं अंगावर उठलं म्हणून? श्वासाचा त्रास झाला होता का? फक्त शेंगदाणे की काजू-बदाम पण? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

सोनसाखळी
अगं बाळाला नाचणीसत्त्व दे सकाळी, दुधात शिजवून. शाळेच्या डब्याला गूळ-तूप-पोळीचा रोल. माझी दोन्ही मुलं त्यावरच वाढली. आणि शाळेत बाईंना चिठ्ठी लिहून दे.

शुद्ध_घाणा
मूळ कारण रिफाईंड तेल आहे. आपल्या आज्या-पणज्या मूठमूठ दाणे खायच्या, कोणाला ॲलर्जी? लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल चालू करा, दोन महिन्यांत शरीर आपोआप सरावेल. आमच्याकडे गेली काही वर्षं तेच आहे, एकदाही डॉक्टर नाही.

नाशिकची_आई
थांबा थांबा थांबा. शुद्ध घाणा, कृपया असं लिहू नका, कोणीतरी खरंच करेल. ॲलर्जी होते ती दाण्यातल्या प्रथिनांची. रिफाईंड तेलात ती जवळजवळ उरतच नाहीत म्हणून दाण्याच्या ॲलर्जीवाल्या बहुतेकांना ते चालून जातं. घाण्याच्या तेलात ती राहतात, तेच तर त्यात धोक्याचं. माझ्या मुलाला आहे ॲलर्जी, सात वर्षांचा आहे, आमच्याकडे घाण्याचं शेंगतेल उंबऱ्याच्या आत येत नाही.

शुद्ध_घाणा
मग केमिकलवालं तेल खा असं म्हणणं आहे का तुमचं?

नाशिकची_आई
सूर्यफूल घ्या, करडई घ्या, घाण्याचंच घ्या हवं तर. शेंगेचं नको एवढंच.

हिंजवडी_सिग्नल
अहो बाळ वगैरे नाही, मीच. वय २९. वाकडला फ्लॅट शेअर करते, दोघी रूममेट. लहानपणापासून चिक्की खाल्ली की घसा खाजायचा, आई म्हणायची नखरे. गेल्या महिन्यात डब्यातली लसणाची चटणी खाल्ली आणि ओठ सुजले, अंगभर गांध्या, उलट्या. कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिलं. मग रक्ताची टेस्ट, दाण्याचा आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) भरपूर. काजू-बदाम चालतात असं डॉक्टर म्हणाले. आता सांगा.

ताकभात
हे आधी लिहिलं असतं तर नाचणीसत्त्व वाचलं असतं.

सोनसाखळी
नाचणीसत्त्व २९ व्या वर्षीही चांगलंच असतं.

नाशिकची_आई
ओठ सुजणं, गांध्या आणि उलट्या एकत्र म्हणजे साधी खाज नव्हे, हे गंभीर आहे. आधी हे सांगा की डॉक्टरांनी ॲड्रेनलिन, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन, लिहून दिलंय का? बाहेरच्या देशांत पेनसारखं मिळतं ते आपल्याकडे सहज मिळत नाही, आमच्या डॉक्टरांनी ॲम्प्यूल आणि सिरिंज ठेवायला सांगितली, किती भरायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते आम्हा दोघांकडून करून घेतलं. डोस वजनावर असतो, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. आणि टोचल्यावर घरी बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. नुसती सेट्रिझिनची ॲलर्जीची गोळी पर्समध्ये ठेवून निर्धास्त राहू नका, ती खाज कमी करते, श्वास अडकला तर तिचा उपयोग नाही. रूममेट्सनाही शिकवून ठेवा.

आता डबा. तुमच्या काकू एक चमचा कमी करतील तरी भागणार नाही. आमच्या आधीच्या स्वयंपाकाच्या मावशींकडे मी ओट्याशी उभी राहून पाहिलं होतं. मिसळणाच्या डब्याला खेटून कुटाचा डबा, दोन्हींत फिरणारा चमचा एकच, आणि मिक्सरचं चटणीचं भांडं धुतलेलं पण पात्याखालच्या रबराच्या फटीत पिवळट कूट बसलेला. त्यातच तुमचं आलं-लसूण वाटणार. म्हणजे त्या मनापासून 'घातला नाही' म्हणतात आणि तरी तो असतो.

आणि रोज इडली खाताय, चटणी कशाची आहे ते विचारलंत का? नारळ महाग म्हणून बऱ्याच ठिकाणी डाळं आणि दाणे घालून वाढवतात. चटणी सोडा, सांबार घ्या.

हिंजवडी_सिग्नल
चटणीचं कोणीच सांगितलं नव्हतं. इंजेक्शनचं विचारते शनिवारी. पण डबा???

कोकणचो_झील
सोप्पा आसा. मालवणी डबा लावा. आमच्याकडे वाटप म्हणजे नारळ, ओला नाहीतर सुका भाजलेला. भाजीवर खोबरं, आमटीत खोबरं, उसळीत खोबरं. कूट फक्त उपासाला. आणि मासे खाता का ते लिवलास नाय. पिंपरी-चिंचवडात मालवणी घरगुती डबेवाले शोधलात तर मिळतील. केरळी मेस असली तर तीही बघा, तेही नारळवालेच.

वऱ्हाडी_ठसका
खोबरं घालून भाजी गोड होते हो. भाजी कुटाची, नाहीतर ती भाजी नाहीच.

कोकणचो_झील
तुमची भाजी म्हणजे दाण्याच्या आमटीत बुडालेलं वांगं.

वऱ्हाडी_ठसका
बुडालेलं नाही, भरलेलं. फरक आहे.

डाएट_दीपा
माझा सल्ला, एक मोठी फूड इंटॉलरन्स टेस्ट करून घे. २०० पदार्थांची असते, घरी येऊन रक्त नेतात. मला त्यात गहू, टोमॅटो, दही, मूग असे २६ निघाले, सगळे बंद केले, खूप हलकं वाटतंय. तुलाही नुसते दाणे नसतील.

ताकभात
दीपा, त्या टेस्ट बहुतेक आयजीजीच्या असतात, हिच्यासारख्या आयजीईच्या नाही. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खात आलाय एवढंच कळतं. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी त्या निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. आधीच बाईंचं खाणं एवढंसं उरलंय, त्यात मूग आणि दही पण काढलं तर खायचं काय, हवा?

डाएट_दीपा
मला फरक पडला, मी माझा अनुभव सांगितला. ज्याला घ्यायचा त्याने घ्या.

चहाबाज
मला दुधाची ॲलर्जी आहे, पोट फुगतं. तरी दिवसाला सहा कप चहा पितो, काही होत नाही. एवढं घाबरायचं नसतं, थोडं थोडं खात राहायचं म्हणजे सवय होते.

ताकभात
ती ॲलर्जी नाही, लॅक्टोज पचत नाही तुम्हाला. त्यात फार तर ऑफिसात लाज जाईल. हिच्या बाबतीत जीवाचा प्रश्न आहे. थोडं थोडं देऊन सवय करण्याची उपचारपद्धत आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, चहाच्या टपरीवर नाही.

नवा_बाबा
लहानपणीच दाणे भरवायला हवे होते. २०१५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजवाल्यांचा अभ्यास आला, जास्त धोका असलेल्या तान्ह्या मुलांना वर्षाच्या आतच शेंगदाणा असलेलं खाणं द्यायला सुरुवात केली तर पाचव्या वर्षी ॲलर्जी कितीतरी कमी दिसली. आम्ही आमच्या मुलीला सहा महिन्यांनंतर बारीक कुटाची पेज दिली, डॉक्टरांना विचारून.

हिंजवडी_सिग्नल
मला आता सहा महिन्यांची कोण करणार??

भाजून_खा
कच्चे दाणे बाधतात. खमंग भाजून, सालं काढून खाऊन बघा.

नाशिकची_आई
नका बघू. भाजल्याने ती प्रथिनं उलट जास्त त्रासदायक होतात असं दिसलंय. किती जण जीवावर उठलेत या धाग्यावर.

जर्सीची_सून
इकडून, अमेरिकेतून लिहितेय. आमच्या मंडळाच्या पॉटलकला आता प्रत्येक भांड्यापुढे कार्ड ठेवतात, त्यात काय आहे ते लिहून. सुरुवातीला ज्येष्ठ मंडळी हसली, आता तेच मोठ्या अक्षरात 'कूट आहे' लिहितात. पाकिटावर दुधापासून शेंगदाण्यापर्यंत मुख्य ॲलर्जेन लिहावे लागतात आणि २०२३ पासून तीळही त्यात आले. गंमत म्हणजे काही बेकऱ्यांनी भांडी वेगळी ठेवण्यापेक्षा सरळ पावात तिळाचं पीठ घालून लेबलवर लिहून टाकलं. दाण्याच्या ॲलर्जीवाल्यांपैकी काहींना तिळाचीही असते, म्हणून तीळ तपासलेत का? कारण कूट नको म्हटलं की आपल्या बायका पटकन तिळकूट घालतात.

हिंजवडी_सिग्नल
तीळ माहीत नाही. पण गुळपोळी खाल्ली होती संक्रांतीला, काही झालं नाही.

नाशिकची_आई
तरी त्याच भेटीत विचारून घ्या. भारतात पॅकबंद पदार्थांवर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा वेगळा जाहीर करावा लागतो, गहू, दूध, अंडी, मासे, सोया वगैरेंसोबत. तीळ त्या यादीत नाही, त्यामुळे ती ओळ बघून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा. 'अंश असू शकतो' असं छापलेलं असेल तर आम्ही परत ठेवतो. दहा किंवा जास्त शाखांच्या हॉटेलांनी मेन्यूवर ॲलर्जेनची माहिती द्यायची असाही नियम आहे, म्हणून घाईच्या दिवशी मोठ्या साखळीतलं हॉटेल बरं पडतं, निदान विचारायला जागा असते. सुटं फरसाण, चिवडा, भेळ, सुट्या वड्या, ठेचा आणि लग्नातली कोशिंबीर यांना हातच लावायचा नाही. चिवड्यातले दाणे वेचून काढून खाणं हा प्रकार तर अजिबात नाही.

वऱ्हाडी_ठसका
साबुदाणा खिचडी गेली म्हणजे आयुष्यातून. वाईट वाटलं खरंच.

सोनसाखळी
ओलं खोबरं आणि जिरं-मिरची घालून होते की खिचडी, तूप जरा सढळ.

वऱ्हाडी_ठसका
त्याला खिचडी म्हणू नका फक्त. आपला पारंपरिक उपास हो.

ताकभात
साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची, चारींचं मूळ अमेरिका खंडात आहे. आपली परंपरा पोर्तुगीज बोटीतून उतरलीये.

कोकणचो_झील
नारळ मात्र आमचोच.

हिंजवडी_सिग्नल
मंडळी मुद्द्यावर या ना. मासे खाते. आज दोन ठिकाणी फोन केले. एका मालवणी ताईंनी विचारलं 'किती कडक?', मी हॉस्पिटलचं सांगितलं तर म्हणाल्या नको बाई मला जबाबदारी. दुसऱ्या म्हणाल्या घरात कूट असतो पण तुमचं वेगळं करीन, दर महिन्याला आठशे जास्त. घेऊ का?

नाशिकची_आई
पहिल्या ताई प्रामाणिक आहेत, त्यांच्यावर रागावू नका. दुसऱ्यांना पैसे द्यायला हरकत नाही पण आधी जाऊन स्वयंपाकघर बघून या. मिक्सरचं भांडं वेगळं, ते तुम्हीच विकत घेऊन द्या. झारा-डाव वेगळा. तेल कुठलं ते विचारा. तुमचं आधी करायचं, मग बाकीच्यांचं. उपासाच्या दिवशी डबा घेऊच नका, चतुर्थीला अख्ख्या ओट्यावर कूट उडालेला असतो. आणि डबा बंद राहील त्या दिवसासाठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी ठेवा, केळी, लेबल वाचून घेतलेलं पाकीट, काहीही. भूक लागली की माणूस 'एवढ्याने काय होतंय' म्हणतो.

शुद्ध_घाणा
आठशे रुपये म्हणजे लूट आहे. त्यात पाच लिटर

ताकभात
काका, वाक्य पूर्ण करू नका.

हिंजवडी_सिग्नल
उद्या संध्याकाळी जाऊन बघते. ऑफिसात पण एक प्रश्न आहे, कोणाचा वाढदिवस असला की समोसा-ढोकळा येतो आणि नाही म्हटलं की 'डाएट का?' सुरू होतं. ॲलर्जी म्हटलं तर 'एक खाऊन काय होणार'. मग मी सरळ उपास आहे म्हणते, तो सगळ्यांना लगेच पटतो.

सोनसाखळी
मग उपासाची खिचडी आणून देतील.

हिंजवडी_सिग्नल
आणलीच एकीने मागच्या गुरुवारी. मस्त कूट घालून.

बाणेरचा_बंड्या
त्या दुसऱ्या ताईंचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का? मला ॲलर्जी नाही, पण सुरमई करतात का त्या?