गूगल शीट: साठा कमी झाला तरी मेल जात नाही

गोदामवही: शिल्लक किमान पातळीखाली गेली की खरेदी विभागाला मेल जावा म्हणून अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये (शीटला जोडलेल्या गूगलच्या कोडमध्ये) 'ऑनएडिट' फंक्शन आहे. एडिटरमधून चालवलं की मेल जातो, शीटमध्ये आकडा बदलला की नाही. असं का?

सूत्रधार: साध्या, म्हणजे शीट बदलली की नावावरूनच आपोआप चालणाऱ्या, ऑनएडिटला मेल पाठवायची परवानगीच नसते. फंक्शनचं नाव बदला, डावीकडच्या घड्याळावरून 'ऑन एडिट' ट्रिगर (फंक्शन आपोआप सुरू करणारी सोय) जोडा, परवानगी द्या. नाव तेच ठेवलंत तर फंक्शन दोनदा धावेल.

खतावणी: शिल्लक सूत्राने येते ना? मग बदललेला सेल म्हणून आवक-जावकीचाच सेल मिळतो, शिल्लकेचा नाही. त्यापेक्षा वेळेचा ट्रिगर लावा, सकाळी 9 ते 10. (नेमकं मिनिट गूगल ठरवतं.) कमी मालाची एकच यादी पाठवा, साध्या जीमेल खात्याला स्क्रिप्टमधून दिवसाला 100 प्राप्तकर्त्यांचीच मर्यादा आहे. 'कळवले' स्तंभात तारीख टाका, म्हणजे रोज तोच मेल जाणार नाही. माल भरल्यावर ती पुसायला मात्र स्क्रिप्टलाच सांगा, नाहीतर पुढचा इशारा येणारच नाही.

सूत्रधार: आणि ट्रिगर कार्यालयाच्या सामायिक खात्यातून लावा. तो लावणाऱ्याच्याच नावावर चालतो. नोकरी सुटून खातं बंद झालं की इशारे गुपचूप थांबतात.